√५० + √१८ + √३२ + √८ = √१०८ : दहावीतल्या एका मुलीच्या करणीची केस

सोलापूरच्या पूर्व भागात मी आठवी ते दहावीच्या गणिताच्या ट्युशन घेते. त्यातल्या दहावीच्या एका मुलीची ही केस आहे. तिचं नाव देत नाही पण गणित मात्र स्टेपसकट देते, कारण करणीत, म्हणजे √२ सारख्या पूर्ण न निघणाऱ्या मुळांच्या गणितात, अडकणारी बहुतेक पोरं याच जागी अडकतात आणि त्यांना ‘लक्ष देऊन कर’ यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

मुलगी हुशार आहे, हे आधीच सांगते. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळते, घरात बोलणं तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. पाढे तीसपर्यंत आणि वर्ग पंचवीसपर्यंत तोंडपाठ, विचारलं की उत्तर हजर. तरी करणी आली की मार्क जायचे. आणि करणी काय नववीच्या वास्तव संख्या या प्रकरणात राहून जात नाही, दहावीला वर्गसमीकरणात येते, पायथागोरसमध्ये येते, त्रिकोणमितीत येते, म्हणजे एकाच ठिकाणची गळती चार प्रकरणांत मार्क खाते.

ज्या गणितावरून हे सगळं सुरू झालं ते असं होतं. एका चौकोनाच्या चार बाजू √५०, √१८, √३२ आणि √८ सेंटिमीटर, परिमिती काढा. तिने वहीत लिहिलं होतं: √५० + √१८ + √३२ + √८ = √(५० + १८ + ३२ + ८) = √१०८ = √(३६ × ३) = ६√३. खाली लाल फुली आणि शेरा, ‘सरळरूपाचा सराव करा’.

आता हा शेरा चुकीच्या जागी लागलाय, कारण सरळरूप, म्हणजे आतला पूर्ण वर्ग मुळाबाहेर काढून लिहिलेलं रूप, तिने एकदम बरोबर दिलंय. १०८ मधून ३६ बाहेर काढायला भल्याभल्यांना वेळ लागतो, बरीच पोरं ४ काढून २√२७ वर थांबतात, ही थेट ६√३ वर आली. घोटाळा त्याच्या आधीच्या बरोबरच्या चिन्हात आहे. खरं उत्तर म्हणजे √५० चे ५√२, √१८ चे ३√२, √३२ चे ४√२, √८ चे २√२, सगळे मिळून १४√२, साधारण १९.८. तिचं उत्तर ६√३ म्हणजे साधारण १०.४, जवळपास निम्मं.

फुली मारून पुढं जाण्यापेक्षा मी तिला बारीक बारीक गणितं दिली, कसलीही हिंट न देता, आणि ती काय करते ते बघत बसले. √७२ दिलं, ६√२ लिहिलं, बरोबर. √५ × √७ दिलं, √३५, बरोबर. √२० ÷ √५, २, बरोबर. √(९ + १६) दिलं, ५, बरोबर. √९ + √१६ दिलं तर चक्क ७ लिहिलं, तेही बरोबर! आणि मग √७ + √२ दिलं तर √९ = ३.

मी विचारलं, “अगं, √९ आणि √१६ मध्ये तू आतली बेरीज नाही केलीस, मग इथं का केलीस?” तर म्हणाली, “ते तर निघतंय की ओ मॅडम, ३ आणि ४. हे निघत नाही ना, मग काहीतरी करायलाच लागतंय की.”

या एका वाक्यात निम्मी केस आहे. तिला नियम माहीत नाही असं नाहीच, तिला असं वाटतं की उत्तर म्हणजे एकच काहीतरी असलं पाहिजे, √७ + √२ असं अर्धवट लिहून ठेवलं तर सर मार्क देणार नाहीत. पाचवीपासून पोरांची सवयच तशी झालेली असते, बेरीज दिली की शेवटी एक आकडा आलाच पाहिजे. √७ + √२ हेच उत्तर आहे, याच्यापुढं जाताच येत नाही, हे कुणीतरी तोंडाने स्पष्ट सांगावं लागतं, आणि ते सांगायचं राहतं.

राहिलेली निम्मी केस पुढच्या प्रश्नात सापडली. (क्ष + ३)² विचारलं, धडाधड क्ष² + ६क्ष + ९. मग (√७ + √२)² विचारलं, तर ७ + २ = ९. म्हणजे मधलं पद अक्षरं असली की आठवतं, करणी आली की गायब. वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना खोडतात एवढंच डोक्यात राहतं आणि दोनदा गुणायचा भाग सुटून जातो. माझं ठाम मत आहे की √अ + √ब = √(अ + ब) ही वेगळी चूक नाहीच, (अ + ब)² = अ² + ब² हीच ती जुनी चूक आहे, फक्त उलट्या बाजूने आलेली. म्हणून मी करणी बाजूला ठेवली आणि वर्गावर गेले.

पण त्याआधी एक काम केलं, अंदाज. परिमितीच्या त्याच गणितावर परत आलो आणि म्हणलं, कॅल्क्युलेटर नको, नुसतं सांग √५० किती असेल. ७ चा वर्ग ४९, म्हणजे सातच्या जरा वर. √१८? ४ चा वर्ग १६, म्हणजे चारच्या वर. “मग या दोन बाजूच मिळून किती झाल्या?” “अकराच्या वर.” “आणि तुझी अख्खी परिमिती किती?” ६√३ चा अंदाज काढला, १.७३ गुणिले ६, दहाच्या जरा पुढं. दोन बाजू अकराच्या वर आणि चारही मिळून दहा! ती वहीकडे बघत राहिली आणि मग स्वतःच ती ओळ खोडली. मी ‘चूक’ हा शब्दसुद्धा वापरला नव्हता. अंदाजाची ही सवय मी करणीच्या पहिल्या दिवसापासून लावते, कारण पोरांना √ म्हणजे एक खूण वाटते, तिच्या मागे ठरावीक लांबी आहे हे जाणवतच नाही.

इथं बरेच जण सजातीय (एकत्र मिळवता येणाऱ्या) आणि विजातीय (न येणाऱ्या) करणी समजावताना पाच चादरी आणि तीन चादरी मिळून आठ चादरी, पण पाच चादरी आणि तीन टॉवेल मिळवता येत नाहीत, असं सांगतात. आमच्या गावात तर हे उदाहरण सगळ्यांच्या तोंडावर तयारच असतं. मी हे वापरत नाही. बेरजेपुरतं ते चालतं, पण लगेच पुढच्या पानावर √२ × √३ = √६ येतं, आणि चादर गुणिले टॉवेल म्हणजे काय ते कुणालाच सांगता येत नाही. √२ ही वस्तू नाही, ती संख्या आहे, संख्यारेषेवर तिची जागा आहे, तेव्हा लांबी म्हणूनच दाखवलेली बरी.

मग ग्राफ पेपर घेतला. एक चौकट, तिचा कर्ण काढला, तो √२. तीच रेघ सरळ पुढं नेली, दोन चौकटी ओलांडल्या, ही लांबी २√२, आणि २ बाय २ च्या चौरसाचा कर्ण म्हणून बघितलं तर √(४ + ४) म्हणजे √८. तीन चौकटी, √१८. चार, √३२. पाच, √५०. म्हणजे तिच्या चौकोनाच्या चारही बाजू एकाच तिरक्या रेघेवर बसल्या, २, ३, ४ आणि ५ पावलं, एकूण १४ पावलं, पाऊल √२ चं. सजातीय करणी म्हणजे काय ते तिने बोटाने मोजून सांगितलं, व्याख्या नंतर लिहून घेतली. मग √३ आणि √७ संख्यारेषेवर दाखवले, दोघांना पुरेल असं एकच पाऊल काही सापडेना.

आता वर्ग. कागदावर एक चौरस काढला, त्याची बाजू दोन तुकड्यांची, एक तुकडा √२ आणि दुसरा √८. आत उभी आडवी रेघ मारली की चार खण होतात. एका कोपऱ्यातला चौरस क्षेत्रफळ २, समोरच्या कोपऱ्यातला ८, आणि उरले दोन आयत, प्रत्येकाचं क्षेत्रफळ √२ × √८ = √१६ = ४. एकूण २ + ८ + ४ + ४ = १८. चौरसाचं क्षेत्रफळ १८, तर बाजू √१८. म्हणजे √२ + √८ = √१८, आणि ग्राफ पेपरवर तेच आलं होतं, एक पाऊल आणि दोन पावलं मिळून तीन. मी तिला ते दोन आयत पेन्सिलीने रंगवायला लावले आणि म्हणलं, तू आजवर ज्या ज्या वेळी आतली बेरीज केलीस त्या त्या वेळी हे दोन रंगवलेले खण कापून टाकलेस. √१० लिहिलंस म्हणजे फक्त दोन कोपरे धरलेस.

ही पद्धत माझी नाही, जुनी आहे. करणीचे नियम आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात दिलेत, आणि भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यावर, करणीची बेरीज अशी सांगितलीय: दोन करणीस्थ, म्हणजे मुळाच्या चिन्हाखालच्या, संख्यांची बेरीज करा, ती मोठी म्हणा, त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ दुप्पट करा, ती लहान म्हणा, मोठीत लहान मिळवली की बेरजेची करणी, वजा केली की वजाबाकीची. २ आणि ८ हे उदाहरणही तिथलंच आहे. मोठी १०, लहान २ × ४ = ८, बेरीज √१८, वजाबाकी √२. दुसरं उदाहरण ३ आणि २७ चं, मोठी ३०, गुणाकार ८१, मूळ ९, दुप्पट १८, तर बेरीज √४८ आणि वजाबाकी √१२. तिसरं ३ आणि ७ चं, गुणाकार २१, त्याचं वर्गमूळ पूर्ण निघत नाही, तर तिथं सांगितलंय की वेगळंच ठेवा. ही तिसरी गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली. ज्या √७ + √२ ला ‘काहीतरी करायलाच लागतंय’ असं तिला वाटत होतं, तशाच जोडीला भास्कराचार्यांनी न जोडता सोडून दिलंय. ती जी काय खुश झाली! म्हणाली, “म्हणजे तसंच ठेवलं तरी मार्क देतात?” म्हणलं हो, देतात, द्यावेच लागतात.

यातून एक झटपट कसोटी मिळते जी पुस्तकात अशी मांडलेली नसते. दोन करणी एकत्र होतील का हे बघायचं असेल तर आतल्या संख्यांचा गुणाकार करा, पूर्ण वर्ग आला तर होतील. √१२ + √७५ दिलं की पोरं म्हणतात वेगळ्या आहेत, होणार नाही. १२ × ७५ = ९००, तीसचा वर्ग, म्हणजे होणार. आणि होतंच, २√३ + ५√३ = ७√३. भास्कराचार्यांच्या वाटेने गेलं तरी ८७ + ६० = १४७, म्हणजे ४९ × ३, तेच. रोजच्या गणिताला सरळरूप देऊन जोडणंच सोपं पडतं, पण कसोटी हाताशी असली की ‘होणार नाही’ असं घाईने लिहिलं जात नाही.

सगळं एकदम जागेवर बसलं असं मात्र झालं नाही. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या टोकाला गेली. √३ × √५ दिलं तर लिहिलं, ‘विजातीय, करता येत नाही’. आधी जे बरोबर यायचं तेही गेलं. हे मला अपेक्षित होतं, बेरजेवर भर दिला की पोरं नियम जपायला लागतात आणि गुणाकारालाही कुलूप लावतात. इथं परत वर्गाकडेच जायचं. √३ × √५ चा वर्ग कर. √३ × √५ × √३ × √५, तीन आणि पाच, पंधरा, मधलं पद कुठंच नाही, म्हणून गुणाकाराला √१५ चालतं. √३ + √५ चा वर्ग कर, ३ + ५ + २√१५, मधलं पद आहे, म्हणून √८ चालत नाही. दोन्ही प्रश्नांना एकच काम, वर्ग करून बघ. माझ्या मते पोरांना नियमांची यादी देण्यापेक्षा हे एक काम द्यावं, आणि बेरीज आणि गुणाकाराचे नियम एका दिवशी एका फळ्यावर तर अजिबात लिहू नयेत, शेजारी शेजारी लिहिले की ते डोक्यात एकमेकांवर चढतात.

चिन्हाच्या वरच्या आडव्या रेघेचंही सांगते. ती √९+१६ असं लिहायची, रेघ कधी नऊवर संपायची, कधी सोळापर्यंत जायची, आणि दोन ओळींनंतर तिलाच कळायचं नाही की आत काय होतं. √ हे चिन्ह छापील पुस्तकात पहिल्यांदा रुडॉल्फ नावाच्या गणितज्ञाने १५२५ साली वापरलं, तेव्हा त्याला वरची रेघ नव्हती, ती रेघ जोडून लिहायची रीत देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ ला वापरली. रेघ म्हणजे कंसच आहे, तेव्हा ती नेमकी कुठं संपते ते दिसलंच पाहिजे. मी तिला सांगितलं, रेघेचं टोक जरा खाली वळवत जा. छोटी गोष्ट आहे पण निम्मा गोंधळ तिथंच मिटला.

मग वर्गसमीकरणावर आलो, कारण बोर्डाच्या पेपरला तेच येणार. क्ष² − ६क्ष + २ = ०. सूत्रातल्या मुळाच्या आत ३६ − ८ = २८, √२८ = २√७, वर ६ ± २√७ आणि खाली २. इथं पोरं वरच्या एकाच पदाला भागतात, ३ ± २√७ लिहितात नाहीतर ६ ± √७. तिनेही ६ ± √७ लिहिलं. म्हणलं, अंदाज घे. √७ साधारण २.६५, मग ६ + २.६५ म्हणजे ८.६५, समीकरणात घाल, ८.६५ चा वर्ग जवळपास ७५, वजा ५२, अधिक २, पंचवीसच्या आसपास, शून्य कुठंय? ३ + √७ म्हणजे ५.६५ घाल, ३१.९ वजा ३३.९ अधिक २, बरोबर शून्य. यावर फार वेळ गेला नाही, वरची दोन्ही पदं कंसात घालायची सवय लावली की झालं.

अक्षरं असली तरी वाट तीच. √(८क्ष³) + क्ष√(१८क्ष), क्ष धन धरला तर पहिलं २क्ष√(२क्ष), दुसरं ३क्ष√(२क्ष), मिळून ५क्ष√(२क्ष). आणि √(क्ष² + ९) दिसलं की क्ष + ३ लिहायचा मोह होतो तेव्हा क्षच्या जागी ४ घालून बघायचं, √२५ म्हणजे ५, आणि ४ + ३ म्हणजे ७. ही अकरावीला सायन्स घेणाऱ्यांची कायमची डोकेदुखी आहे, दहावीतच मिटवलेली बरी.

सगळ्यात चांगली गोष्ट घडली ती परिमेयीकरणाला, म्हणजे छेदातली करणी घालवताना. १ छेद (√५ − √२) हे गणित, वर खाली √५ + √२ ने गुणायचं, छेद येतो ५ − २ = ३. मी फळ्यावर छेद ३ लिहिला आणि ती थांबवून म्हणाली, “मॅडम, मधले खण कुठं गेले? तुम्ही पण कापले?” असा प्रश्न पोरीने विचारावा यासाठीच एवढा खटाटोप. मी तिलाच खडू दिला, चारही गुणाकार लिही म्हणलं. ५, मग + √१०, मग − √१०, मग − २. “हां, एक अधिक एक वजा, आपसूक गेले.” अनुबद्ध जोडी, म्हणजे मधलं चिन्ह उलटं केलेली, का घ्यायची, कुठलीही दुसरी का नाही, हे तिला यानंतर सांगावं लागलं नाही. उत्तर (√५ + √२) छेद ३, आणि हे असंच ठेवायचं हेही तिने न विचारता ठेवलं.

सध्या घनमुळावर अडकलोय. पेपरला फारसं येत नाही, पण तिने स्वतःहून काढलं म्हणून करतोय. ∛१६ + ∛५४ मध्ये तिने सवयीने जोड्या काढल्या, १६ = २ × २ × २ × २, दोन जोड्या, उत्तर ४. जोड्या वर्गमुळाला, घनमुळाला तिघांचा गट, असं सांगितल्यावर २∛२ आणि ३∛२ आले, मिळून ५∛२. मग तिने गुणाकाराची कसोटी लावून बघितली, १६ × ५४ = ८६४, हा कुठल्याच संख्येचा घन नाही, तर म्हणाली कसोटी फसली. म्हणलं, गुणाकाराऐवजी भागाकार कर. ५४ भागिले १६ म्हणजे २७ छेद ८, तीनचा घन आणि दोनचा घन. वर्गमुळालाही हीच लागते का ते तिने लगेच आपल्या जुन्या गणितावर बघितलं, ५० भागिले १८, म्हणजे २५ छेद ९, पाचचा वर्ग आणि तीनचा वर्ग. आता गुणाकाराची कसोटी वर्गमुळालाच का चालते आणि घनमुळाला का नाही, एवढं तिला घरी शोधायला दिलंय.